वाळवी एका घराची नसते

चौकटीवर मातीची रेघ दिसली की लोक आधी झाडू घेतात, मग रॉकेल. दोन्ही चूक. वाळवी दुसऱ्या फटीतून चढते आणि ती कोणत्या जातीची होती याचा पुरावा मात्र पुसला जातो.

ती रेघ म्हणजे वाळवीची ये-जा करायची मातीची नळी. तिचा मधला दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडाच काढा. दोन दिवसांत तो बुजला, तर आत वर्दळ आहे. वारुळाची राखण करणाऱ्या सैनिक वाळवीला काडीने डिवचा. कपाळातून दुधासारखा थेंब आला तर ती बहुधा कॉप्टोटर्मिस, म्हणजे जमिनीतून येणारी वाळवी. बाहेरून येऊन ठाण मांडणाऱ्या सर्वांत खादाड वाळव्या याच कुळातल्या. वारुळात लाखो कामकरी आणि बोगदे १०० मीटरपर्यंत. म्हणजे तुमचं घर आणि शेजारची तीन, सगळी एकाच पंगतीला. (लाकडाखाली खसखशीएवढे, सहा कडांचे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिच्यावर जमिनीत औषध ओतणं वाया.)

जमिनीतून येणाऱ्या वाळवीसाठी फरशी-भिंतीच्या सांध्यात दर ३० सेंमीवर १२ मिमीचं भोक, थेट मातीपर्यंत. माती प्यायची थांबेपर्यंत औषध सोडायचं. वाळवीनाशक इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिली, शेवटचा शब्द लेबलचा. काम फसतं ते कपाटामागे. कपाट कोण सरकवणार, म्हणून चार भोकं राहतात. बायफेन्थ्रिनसारखं औषध वाळवीला नकोसं वाटतं, ती बरोबर तीच मोकळी जागा शोधते. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल तिला जाणवत नाही. त्यातून ती बिनदिक्कत चालत जाते आणि मरते.

आणि वरच्या मजल्यावर लागली असेल तर? चावलेलं लाकूड, लाळ आणि विष्ठा यांचं पुठ्ठ्यासारखं घरटं करून ती गळक्या पाइपामागे जमिनीशी संबंध न ठेवता राहते. तिथे आधी प्लंबर बोलवा, घरटं खरवडून काढा, मग औषध.

माझं मत विचाराल तर अख्ख्या गल्लीने मिळून आमिषपेट्या लावाव्यात. त्यांतल्या आमिषात हेक्साफ्लुम्युरॉन हे औषध असतं. ते खाल्लेले कामकरी कात टाकताना मरतात, त्यामुळे वारूळ संपायला महिने लागतात. लोकांचा धीर सुटतो आणि कुणीतरी पेटीवरच फवारा मारतं. मग वाळवी पेटीकडे फिरकत नाही.

पंखवाली वाळवी उडून उडून काहीशे मीटर जाते. लांबचा प्रवास तिला आपणच घडवतो: काढलेल्या चौकटी, जुनं प्लाय, मातीसकट कुंड्या. ‘कुणाला लागेल तर घेऊन जा’ म्हणून ते फाटकाबाहेर ठेवण्याआधी निदान एक फळी चिरून बघा.