महाबळेश्वरचा पाऊस आणि जॅकेटवरचा आकडा

जूनमधला पहिला दमदार पाऊस झाला की पुण्यातल्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास उगवतो. मथळा थोडाफार बदलतो, मजकूर तोच. महाबळेश्वरात सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा जॅकेट किमान १०,००० मिमीचं घ्या. ब्रीदेबल घ्या म्हणजे घाम येणार नाही. जॅकेट कधी धुऊ नका, वॉटरप्रूफिंग जातं, आणि कापड पाणी प्यायला लागलं की ते बाद समजा. पाँचो (डोक्यातून चढवायचा सैल, झग्यासारखा रेनकोट) आणि साधा रेनकोट डोंगरात चालत नाही. एकदा चांगलं जॅकेट घेतलं की भिजायची चिंता मिटली. शेवटी जोडलेले हात आणि 'प्रत्येक ट्रेकरपर्यंत पोहोचवा'.

पोहोचलाय. दुकानात मुलं कापडाला हात लावायच्या आधी टॅग उलटून आकडा बघतात, आणि त्या आकड्यापायी दुप्पट पैसे मोजून बाहेर पडतात. सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये चार तास चालणारा माणूस भिजतोच, पावसानं नाही तर घामानं. जॅकेटनं करायचं काम एवढंच की वारा आणि गार पाणी अंगाला थेट भिडू द्यायचं नाही. हे धरून चाललं की या मेसेजमधलं फारच थोडं शिल्लक उरतं.

'महाबळेश्वरात सहा हजार, म्हणून जॅकेट दहा हजारांचं'

हा तर्क ज्यानं कुणी लावला त्याला दाद द्यायला हवी. याच हिशेबानं पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिमी पाऊस, म्हणजे हजार मिमीचं जॅकेट एक पावसाळा पुरावं आणि दुसऱ्या वर्षीच्या मध्यात संपावं.

पावसाचे मिलिमीटर म्हणजे पडलेलं पाणी न वाहता, न मुरता साठलं असतं तर किती उंच साठलं असतं ते. जॅकेटवरचे मिलिमीटर म्हणजे दाब. कापडाचा तुकडा यंत्रात आवळतात, एका बाजूनं पाण्याचा दाब वाढवत नेतात, आणि दुसऱ्या बाजूला तीन जागी थेंब फुटले की त्या वेळचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत नोंदवतात. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर खोल पाण्याचा दाब. पाऊस किती पडला, किती दिवस पडला, याचा त्याच्याशी संबंध नाही.

तंबूच्या वरच्या कापडाचा आकडा बहुधा १,५०० ते ३,००० मिमी असतो, आणि त्याखाली लोक भर पावसात रात्र काढतात. नुसता वरून पडणारा पाऊस अडवायला फार मोठा आकडा लागत नाही. जास्तीचा दाब येतो तो आपल्याच वजनानं आणि सामानानं: सॅकचे पट्टे खांद्यात रुततात, ओल्या कातळावर आपण बूड टेकतो, चढताना कोपर आणि गुडघा टेकतो. तिथे पाच हजार आणि दहा हजार मिमीत फरक पडतो. दहा-बारा किलोची सॅक घेऊन दोन-तीन दिवस फिरणार असाल तर दहा हजार मिमीच्या आसपासचं कापड घ्यावं, जरूर घ्यावं. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला पाच हजारांचं पुरतं. वीस हजारांचं घेतलं म्हणून कुणी चौपट कोरडा राहत नाही.

आणि मुळात चाचणी होते ती कोऱ्या, सपाट, शिवण नसलेल्या तुकड्याची. जॅकेटला शिवणी असतात, आणि शिवण म्हणजे सुईनं पाडलेल्या भोकांची रांग. पाणी आधी तिथून येतं. म्हणून टॅग सोडा, जॅकेट उलटं करून उजेडात धरा. खांदा, काख, कूस, टोपी या सगळ्या शिवणींवर आतून बोटभर रुंदीची चिकट पट्टी फिरवलेली दिसली पाहिजे. स्वस्तातल्या पुष्कळ जॅकेटांत ती खांद्यावर आणि टोपीवर असते, काखेत आणि कुशीला दोरा उघडा असतो. पट्टी जिथे जिथे वळते तिथे सुरकुती पडली आहे का, हेही बघा. टोकाला नख लावून हलकेच उचला. नव्यातच सुटत असेल तर ती जुलै काढत नाही. पाच हजारांचं कापड आणि सगळ्या शिवणी बंद, हे जॅकेट पंधरा हजारांचं कापड आणि अर्ध्या शिवणी उघड्या, यापेक्षा कधीही बरं.

'ब्रीदेबल घ्या, घाम येणार नाही'

घाम जॅकेट आणत नाही, चढ आणतो. आतकरवाडीतून सिंहगड चढायला घेतला की उघड्या अंगानंही माणूस निथळतो. ब्रीदेबल कापडाचा दावा एवढाच असतो की त्या घामाची वाफ बाहेर जाऊ देईल. ती किती जाईल हे कापडाइतकंच बाहेरच्या हवेवर ठरतं, आणि मेसेज लिहिणाऱ्याला आपली हवा ठाऊक नसावी.

वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या वाफेच्या दाबातल्या फरकामुळे. घामेजलेल्या त्वचेजवळ, ३४ अंशांना, हा दाब सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. बाहेर ५ अंश तापमान असेल तर हवा ओलाव्यानं गच्च भरलेली असली तरी तिथला दाब ०.९ च्या वर जात नाही. फरक ४.४. आता जुलैतला तोरणा घ्या: ढगात बुडालेली माची, तापमान समजा २२ अंश, आर्द्रता शंभर टक्के. बाहेरचा दाब २.६ च्या घरात, फरक उरला २.७. म्हणजे वाफेला बाहेर रेटणारा जोर चाळीस टक्क्यांनी घटला, तेही कापड अगदी नवं धरून. वर पाठ सॅकनं झाकलेली. बाहेरचं कापड भिजून त्यावर पाण्याचा थर बसलेला. आतली वाफ गार कापडाला लागून तिथेच पाणी होते, आणि मग लोक म्हणतात जॅकेट गळतंय.

टॅगवर याचाही आकडा असतो, बहुधा ५,००० किंवा १०,००० ग्रॅम: चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून इतकी वाफ. दहा हजाराला चोवीसनं भागून बघा, तासाला चारशे ग्रॅमच्या आसपास येतात. चांगल्या चढावर माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम गाळतो. शिवाय ही चाचणी करण्याच्या पद्धती एकाहून जास्त आहेत, एकाच कापडाला पद्धतीगणिक वेगळा आकडा मिळतो, आणि कोणती पद्धत वापरली ते टॅगवर क्वचितच छापलेलं असतं. दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून भाव करण्यात काही हशील नाही.

हे कापड थोतांड आहे असं नाही. गोअर-टेक्स या नावाजलेल्या ब्रीदेबल कापडाच्या मुळाशी असलेला ताणलेल्या टेफ्लॉनचा पडदा बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये तयार केला, आणि थंड, कोरड्या डोंगरात तो खरंच काम करतो. मे किंवा ऑक्टोबरमध्ये हिमालयात जाणार असाल तर तिथे पैसे वसूल होतात. पण वर्षातले सगळे ट्रेक सह्याद्रीतल्या गुंजवणे, वेल्हे आणि ताम्हिणीच्या अलीकडे-पलीकडे होणार असतील तर त्याच पैशात काखेत चेन असलेलं जॅकेट शोधा. वीत-दीड वीत लांबीची ती चेन उघडली की हवा आरपार जाते. कुठल्याही पडद्याला ते जमत नाही. पाऊस उतरला की पुढची चेन छातीपर्यंत उघडावी. घेर सैल असावा. आणि चढ दम न लागता चढावा, हा सल्ला फुकट असल्यामुळे कुणी फॉरवर्ड करत नाही.

'धुऊ नका, पाणी प्यायला लागलं की बाद'

इथे मेसेज उघड उघड नुकसान करतो. कापडाच्या बाहेरच्या बाजूला पाणी झटकणारा एक लेप असतो, त्यामुळे थेंब मण्यांसारखे घरंगळतात. आतला पडदा किंवा थर वेगळा, पाणी अडवतो तो. घाम, अंगाचं तेल, चिखल, गाडीचा धूर यांनी बाहेरचा लेप झाकला गेला की कापड पाणी शोषतं, जड होतं, अंगाला गार लागतं. पाणी आत आलेलं नसतं, पण आल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा एवढ्यावरच लोक जॅकेट मोलकरणीला देऊन टाकतात.

त्याला धुवायलाच हवं. कोमट पाणी, थोडा सौम्य द्रव साबण, सगळ्या चेनी बंद, दोनदा तरी खळबळून. कपडे धुवायची पावडर आणि कपडे मऊ करणारं द्रव वापरू नये, त्यांचा अंश कापडात राहतो आणि तोच पाणी ओढतो. वाळल्यावर मंद उष्णता द्यायची, म्हणजे लेप पुन्हा जागा होतो. आपल्याकडे घरोघरी ड्रायर नसतात, पण लेबलवर इस्त्रीची मुभा असेल तर वर सुती कापड टाकून अगदी मंद इस्त्री फिरवता येते. घरीच. कोपऱ्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीखाली नायलॉन देऊ नका. एवढं करूनही थेंब घरंगळत नसतील तर लेपाचा फवारा मिळतो, तो मारावा.

खरं बाद झालेलं जॅकेट ओळखायला सोपं असतं. आतून हात फिरवला की चिकट लागतं, कुबट वास येतो, आणि काढल्यावर टीशर्टच्या खांद्यावर पांढरट पापुद्रे चिकटलेले दिसतात. आतला पॉलियुरेथेनचा थर ओलाव्यानं आणि उबेनं कुजतो, आणि पावसाळ्यात दोन्हींची आपल्याकडे ददात नाही. ट्रेकहून आल्यावर ओलंच गुंडाळून, पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलं की वापर कमी असूनही दोन-तीन वर्षांत ते या गतीला जातं. धुण्यानं नव्हे, न वाळवण्यानं. पंख्याखाली हँगरला टांगा, आतली बाजू बाहेर करून.

'पाँचो आणि साधा रेनकोट चालत नाही'

कुठे चालत नाही, ते सांगायला हवं होतं. मावळात भातलावणीला वाकलेल्या बायांच्या पाठीवर पिढ्यान् पिढ्या इरलं होतं: वरून बंद, खालून आणि पुढून उघडं. दिवसभर पावसात कष्ट करणाऱ्या अंगाला हवा लागते, हे त्यांना कुणी ग्रॅममध्ये सांगावं लागलं नाही. पाँचोची तऱ्हा तीच. अंधारबनसारख्या झाडीतल्या वाटेवर, जिथे वारा अंगावर येत नाही, चार-पाचशे रुपयांचा पाँचो महागड्या जॅकेटपेक्षा सुखाचा, वर सॅकही झाकतो.

तोच पाँचो राजगडाच्या संजीवनी माचीवर घातलात तर वाऱ्यानं उलटून तोंडावर येतो, खाली पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. कातळटप्पा, रेलिंग, माची, कडा असलेल्या वाटेवर पाँचो नको. तिथे मेसेजचं बरोबर आहे.

दुचाकीचं गणित आणखी निराळं. बसलेल्या माणसाच्या छातीवर पाणी समोरून आदळतं आणि मांडीत साठतं. ट्रेकचं जॅकेट तिथे लवकर हरतं आणि जाड, न श्वसणारा दोन-तुकडी रेनकोट टिकतो. सिंहगड रोडवरून रोज ऑफिस गाठणाऱ्यानं ट्रेकचं जॅकेट त्यात झिजवू नये.

'चांगलं जॅकेट घेतलं की चिंता मिटली'

सगळ्यात वाईट वाक्य हे, कारण त्याच्या भरवशावर लोक सुती टीशर्ट आणि जीन्स घालून निघतात. गारठा फक्त बर्फात होतो हा समज चुकीचा आहे. पंधरा-वीस अंशांतही भिजलेलं अंग आणि सुटलेला वारा माणसाला गारठवतात. सिंहगडाचा माथा पुण्याहून साडेसातशे मीटरनं उंच, म्हणजे तापमान चार-पाच अंशांनी खाली, वर वारा. चढताना त्रास होत नाही. होतो तो वर पोहोचून भजी-चहासाठी रांगेत थांबल्यावर, अंग निवत जातं तेव्हा. थरथर, बोबडी वळणं, बोटांनी चेन न लागणं, सपाटीवर ठेचकाळणं ही लक्षणं कुणात दिसली तर त्याला आडोशाला नेऊन आधी ओले कपडे उतरवायचे. त्यावर जॅकेट चढवून उपयोग नाही.

म्हणून सॅकमध्ये, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, एक कोरडा जोड. सॅकच्या कव्हरवर विसंबू नका, ते पाठीकडची बाजू झाकतच नाही. अंगात सुती नको, पटकन वाळणारं हवं.

रंगाबद्दल मेसेज गप्प आहे. धुक्यात मागचा माणूस दिसायला हवा, काळं आणि हिरवं टाळा.

दुकानात आरशासमोर उभं राहण्यापेक्षा दोन गोष्टी करून बघा. रेलिंग धरल्यासारखे दोन्ही हात वर करा: कंबर उघडी पडली किंवा मनगटाचा वेल्क्रो सैल असला, तर चोर दरवाजाच्या वाटेनं राजगड चढताना पाणी बाहीतून थेट काखेत जाणार. टोपी चढवून मान डावी-उजवीकडे वळवा. टोपी मानेबरोबर वळली पाहिजे, नाहीतर तुम्ही तिच्या अस्तराकडे बघत राहाल. घरी आणल्यावर आत करड्या रंगाचा सुती टीशर्ट घालून दहा मिनिटं शॉवरखाली उभे राहा. करड्या कापडावर ओल लगेच गडद दिसते, पाणी कुठल्या शिवणीतून आलं ते बोट ठेवून दाखवता येतं. बिल तोवर जपून ठेवा.