ज्ञानेश्वरांच्या दारात मिरच्यांची माळ

मुलांसाठी खऱ्या माणसांवर काढलेल्या चित्रपुस्तकांबद्दल माझं एक मत आहे आणि त्यावरून माझे बऱ्याच जणांशी खटके उडतात. मत असं, की अशा पुस्तकात शब्दांना खरं बोलायची जेवढी सक्ती, तेवढीच चित्रांनाही हवी. लेखकाने सनावळी तपासून घेतली आणि चित्रकाराने मनाला येईल ते रंगवलं, तर ते पुस्तक अर्धं खोटं. आणि पाच वर्षांच्या मुलाच्या वाट्याला नेमकं तेच अर्धं आधी येतं, कारण त्याला अजून वाचता येत नाही.

माझ्याकडे ज्ञानेश्वर आणि भावंडांवरचं एक चित्रपुस्तक आहे. कागद गुळगुळीत, छपाई चाररंगी, मजकूरही बरा. पण मुक्ताई मांडे भाजतेय त्या पानावर दाराला लाल मिरच्यांची माळ टांगलीय आणि कोपऱ्यातल्या टोपलीत बटाटे, टोमॅटो. ज्ञानेश्वरांचा काळ 1275 ते 1296. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 मध्ये. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून आपल्याकडे आली ती त्यानंतर. बाकी कुणाच्या नजरेतून सुटेल, पण गोव्यात राहणाऱ्याच्या कशी सुटावी? मी हे एका मैत्रिणीला दाखवलं तर म्हणाली, "अगो, मुलांचं पुस्तक ते, कोण बघतंय एवढं!" मुलंच बघतात की. मोठी माणसं मजकुरावरून नजर फिरवून पान उलटतात, मुलं त्या टोपलीत काय काय आहे ते मोजत बसतात.

ही बेफिकिरी येते कुठून, तर 'थोर पुरुष' नावाच्या तक्त्यातून. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो. एका कागदावर ओळीने चेहरे, खाली नाव, मुलांनी कापायचे आणि प्रोजेक्टच्या वहीत डकवायचे. सगळ्यांचा रंग सारखा गुलाबी, सगळ्यांची नजर सारखी दूर कुठेतरी लागलेली. आपली बरीचशी बालचरित्रं म्हणजे हाच तक्ता, फक्त पानं जास्त. गरीब घरात जन्म, दिव्याखाली अभ्यास, देशकार्य, निधन. नाव बदललं तरी पुस्तक तेच राहतं.

आणि तरीही मुलांच्या चरित्रात केवढी ताकद असते, हे सांगायला गोव्याइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही. धर्मानंद कोसंबी. जन्म 1876, साखवाळ. शाळा जेमतेम, काम माडांच्या बागेची देखरेख. त्या काळी 'बालबोध' नावाचं मराठी मासिक निघायचं, वि. कों. ओकांनी 1881 मध्ये खास मुलांसाठी सुरू केलेलं. त्यात बुद्धाचं एक छोटं चरित्र छापून आलं आणि ते साखवाळातल्या या तरुणाच्या हाती पडलं. मुलांच्या मासिकातली ती चार पानं या माणसाच्या डोक्यातून जाईनात. 1899 मध्ये त्याने घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, मग श्रीलंका. पैसा नाही, बरीचशी वाट पायी. 1902 मध्ये श्रीलंकेत श्रामणेर, म्हणजे शिकाऊ बौद्ध भिक्षू, झाला, पाली भाषा शिकला आणि 1910 मध्ये पाली ग्रंथांच्या कामासाठी थेट अमेरिकेत हार्वर्डला पोचला.

मी चित्रपुस्तक काढणार असेन तर हार्वर्डवर एक पान देईन आणि बागेवर दहा. माडाच्या बुंध्याशी बसून मासिक वाचणारा माणूस, आजूबाजूला पडलेली झावळं, शिंपण्याचे पाट, आणि मासिकाचं ते पान. पण पान तसंच हवं, त्या काळच्या टायपातलं, हातात धरलं की कळावं केवढं लहान होतं. त्यासाठी चित्रकाराला जुने अंक शोधावे लागतील. शोधावेत.

इथे दुसरी अडचण येते. घर सोडलं तेव्हा कोसंबींचं लग्न झालेलं होतं, तान्ही मुलगी होती. हे पुस्तकात घालायचं का? बहुतेक जण गाळतील. माझं म्हणणं, घाला. एका पानावर पाळणा दाखवा आणि काही लिहू नका. मुलं विचारतील, "त्या बाळाचं काय झालं?" विचारू देत. उत्तर देताना आपली तारांबळ उडाली तर उडाली. मोठा माणूस कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी नवरा होता आणि त्याच्या मोठेपणाची किंमत त्या घरानेही मोजली, हे सहा वर्षांच्या पोरीला कळतं. तिला न कळणारी गोष्ट म्हणजे ज्याचं कधीच काही चुकत नाही असा माणूस.

आता आबे फारीयाकडे या. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी मांडवीच्या काठावर त्याचा पुतळा आहे, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, 1945 चा. हात पसरून उभा असलेला पाद्री आणि त्याच्यासमोर मागे कलंडणारी बाई. शाळेच्या मुलांना घेऊन तिथे गेलं की प्रश्न ठरलेला. एकीने तर माझा पदरच ओढला: "टीचर, ती बायल पडटली मगो? तो तिका धरिना कित्याक?" (ती बाई पडेल ना? तो तिला धरत का नाही?) पुतळ्याकडे बघून कुणालाही वाटेल की या माणसाच्या हातातून काहीतरी जादू निघतेय.

गंमत अशी की फारीयाने आयुष्यभर नेमकं उलट सांगितलं. 1756 मध्ये कांदोळीला जन्मलेला हा माणूस 1813 पासून पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग करायचा. तेव्हा मेस्मर नावाच्या वैद्याच्या अनुयायांचा बोलबाला होता. प्रयोग करणाऱ्याच्या शरीरातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि त्याने समोरच्याला झोप लागते, असं ते म्हणत. फारीया म्हणाला, माझ्यातून काहीच निघत नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं. माणसाला आरामात खुर्चीत बसवायचा, डोळे मिटून झोपेवर लक्ष द्यायला सांगायचा आणि मग हुकूम सोडायचा, झोपा! आज आपण ज्याला संमोहन म्हणतो त्याची ही पायाभरणी. पुतळा सुंदरच आहे, रस्त्यावरून जाता-येता नजर खेचेल असाच तो घडवायला हवा होता. पण चित्रपुस्तकाने त्या पसरलेल्या हातांची नक्कल केली तर फारीयाचं सांगणंच बुडतं. मुखपृष्ठावर खुर्ची काढा, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा.

त्याची ती प्रसिद्ध गोष्टही आहेच. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला, समोरचे बडे लोक बघून बोबडी वळली, आणि खालून बापाने कोकणीत कुजबुजलं, "ही सगळी भाजी. कातर रे भाजी!" मग गडी असा सुटला की थांबेना. मुलं या गोष्टीवर खिदळतात. पण ही आख्यायिका आहे, कागदोपत्री पक्का पुरावा नाही. म्हणून गाळायची का? मुळीच नाही. 'असं सांगतात' एवढे दोन शब्द आधी घाला आणि त्या एका पानाचा रंग बदला. बाकी पुस्तक पूर्ण रंगीत, हे पान नुसत्या रेघांचं. दोन-तीन पुस्तकांत असं केलंत की मुलं स्वतःच ओळखायला लागतील, हे पान ऐकीव आहे. मी तर म्हणते, इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनीही ही रीत उचलावी. असो.

केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं पुस्तक तर कधीच यायला हवं होतं. जन्म 1892, फोंडा तालुक्यातलं केरी. आठव्या वर्षी गाणं शिकायला कोल्हापूरला. पुढे वझेबुवा, आणि त्यानंतर अल्लादियाखाँसाहेबांकडची दीर्घ तालीम. 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर बाख आणि बेथोवनच्या सोबतीला केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. त्याच तबकडीवर 55 भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही. व्हॉयेजर-1 उडालं 5 सप्टेंबरला आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. यात कुणा लेखकाने पदरचं काय घालायचं! फक्त त्या ज्या कलावंत समाजात, म्हणजे देवळांत गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या समाजात, जन्मल्या, त्या समाजाच्या मुलींना गाणं कुठल्या अटींवर मिळत होतं, ते झाकू नका. नाहीतर 'गावातल्या मुलीने मेहनत केली आणि ती अवकाशात पोचली' असा गुळमुळीत लाडू तयार होईल.

अजून एक नाव माझ्या मनात आहे, अंतोनिया. पणजीच्या बागेला ज्याचं नाव आहे त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने 1563 मध्ये गोव्यात एक पुस्तक छापलं, इथल्या औषधी वनस्पतींवर, संवादाच्या रूपात. त्यात एक दासी मधूनच येते, मालकाने सांगितलेली पाने-फळे आणून देते आणि जाते. ती अंतोनिया. बाग त्याच्या नावाची, पण झाडपाला कुठे मिळतो हे ठाऊक असलेली ती. ओर्तावर चित्रपुस्तक काढायचं तर मला ते तिच्या कमरेच्या उंचीवरून बघायला आवडेल. फक्त तिच्या तोंडी न बोललेली भाषणं नकोत. ती पुस्तकात जेवढं बोलते तेवढंच बोलू दे.

लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी 1955 ते 1961 सीमेपलीकडच्या जंगलातून पोर्तुगीज राजवटीविरुद्ध गुप्त रेडिओ चालवला, आणि गोवा मुक्त झाल्यावर लिबियाताईंनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी दिली. हे ऐकून ज्याला चित्र सुचत नाही त्याने ब्रश खाली ठेवावा.

खर्चाचं म्हणाल तर 32 पानांचं पुस्तक म्हणजे 16 पानांचे 2 फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले कागद), मध्ये पिना मारल्या की झालं. छपाई परवडते, परवडत नाही ती चित्रकाराची शोधाशोध, कारण तिचे पैसे द्यायचे असतात हेच आपल्याला मान्य नाही. मराठीत काढावं की कोकणीत, यावर इथे लगेच वाद पेटेल. दोन्हींत काढा. पानाला तीन-तीन ओळी असतात, आणि चित्रं तर एकदाच काढायची आहेत.

तेव्हा आता कामाचं. आल्तिन्होच्या कला महाविद्यालयातली काही मुलं केसरबाईंवर काम करायला तयार आहेत, त्यांना संदर्भ हवेत. केरी, साखवाळ, मडकई या भागांतल्या कुणाच्या घरी 1900 ते 1930 च्या दरम्यानचे फोटो असतील तर मला इनबॉक्स करा. देवळाचा सभामंडप, घराचा सोपा, नऊवारी कशी नेसत, तंबोरा कुठे ठेवत, दिवा कुठला, होडीत कशा बसत, काहीही चालेल. माणसं अनोळखी असली तरी हरकत नाही, मागची भिंत दिसली पाहिजे. आणि फोटोच्या पाठीमागे कुणी साल लिहून ठेवलं असेल तर ती बाजूसुद्धा पाठवा.