येळवस चुकवत नाही
'पंथ सोडलेला माणूस एकतर नास्तिक होतो, नाहीतर दुसरा बुवा धरतो' हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मी अकरा वर्षं एका कडक संप्रदायात होतो (नाव नको, सासुरवाडीची माणसं अजून त्यातच आहेत). सोडल्यावर देव आहे का नाही हा प्रश्न आधी पडलाच नाही. पडला तो कांदा-लसणाचा, आणि येळवशीचा.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या; आमच्या लातूरकडं त्या मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, भज्जी (शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी), आंबील. संप्रदायात हे 'दगडाची पूजा' म्हणून बंद होतं. सोडल्यानंतरच्या पहिल्या येळवशीला चुलते म्हणाले, "देवासाठी नको येऊ, जेवायला तर ये की रं." गेलो. 'ओलगे ओलगे' हा येळवशीचा घोष म्हणत चुलत्यांच्या मागं रानभर फिरलो. कोपीपुढं मात्र हात काही जोडले गेले नाहीत, नुसता उभा राहिलो. पण भज्जीत लसूण आहे का, हे विचारायचं सुटलं. सहा वर्षं झाली, हात अजून जोडत नाही अन् एक येळवस चुकवत नाही. आता मला नास्तिकात धरायचं का बुवावाल्यात, ते लेखकानंच सांगावं.