पाकीट देणारा हात

पश्चिम जावातल्या पुरवाकार्ताच्या आसपास सूतगिरण्यांच्या नोकरीमुळे आलेली भारतीय कुटुंबे आहेत आणि यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातून आलेला मी त्यांपैकीच एक. इथल्या भाषेतले जे शब्द सुरुवातीलाच कानावर पडले त्यांत ‘आम्प्लोप’ हा एक होता. शब्द मूळचा डच, अर्थ लिफाफा. पत्रकाराला इथे ‘वार्तावान’ म्हणतात (त्यातली ‘वार्ता’ आपलीच, संस्कृतातून गेलेली), आणि ‘वार्तावान आम्प्लोप’ म्हणजे लिफाफ्यातून पैसे घेणारा पत्रकार, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. आमच्या तालुक्यात त्या लिफाफ्याला पाकीट म्हणतात.

सप्टेंबर 2023 मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांची अहमदनगरच्या बैठकीतली ध्वनिफीत बाहेर आली. निवडणुकीपर्यंत विरोधात बातम्या येऊ नयेत म्हणून पत्रकारांना चहाला बोलवा, ढाब्यावर न्या, असा सल्ला त्यांनी कार्यकर्त्यांना दिला होता. पत्रकारांना मानाने वागवावे एवढाच आपल्या बोलण्याचा अर्थ होता, असा खुलासा त्यांनी नंतर केला. गावाकडच्या मित्रांशी तेव्हा जे बोलणे झाले त्यात संताप होता, पण तो जवळजवळ सगळा पत्रकारांवर निघाला. ध्वनिफितीत ऐकू येणारा आवाज चहा पाजणाऱ्याच्या बाजूचा होता आणि चर्चा मात्र चहा पिणाऱ्यांची चालली होती.

देणाऱ्याविषयी मी लिहितो आहे ते पूर्ण निर्दोष राहून नव्हे. इथल्या एका गिरणीत नव्या विभागाच्या उद्घाटनाला स्थानिक वार्ताहर आले होते, आणि समारंभानंतर खर्चाच्या ज्या कागदावर मी सही केली त्यात ‘प्रवासखर्च’ म्हणून एक ओळ होती. तो प्रवास गावातल्या गावातला होता, हे मला ठाऊक होते. सही करताना कोणाला लाच देत आहोत असे मुळीच वाटले नाही. पाहुण्याला रिकाम्या हाताने कसे पाठवावे, एवढेच वाटले. पाकिटाची खरी ताकद याच भावनेत असते, आणि विदर्भात तर आदरातिथ्याच्या नावाखाली काहीही खपते.

इंडोनेशियाने हा रोग बरा केला, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीने तीन नियतकालिके बंद पाडल्यावर स्वतंत्र पत्रकारांची जी संघटना उभी राहिली तिने पाकीट नाकारणे हे आपले तत्त्व ठरवले, आणि इथल्या पत्रकारांच्या 2006 च्या आचारसंहितेच्या सहाव्या कलमात पत्रकाराने लाच घेऊ नये असे स्पष्ट लिहिले गेले. तसे वृत्तपत्रांच्या वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या प्रेस कौन्सिलच्या नियमावलीतही भेटवस्तूंविषयी लिहिलेले आहेच. मला वेगळी वाटली ती दुसरी गोष्ट. रमजान ईदच्या आधी इथल्या कामगारांना कायद्याने सणाचा बोनस मिळतो, आणि त्याच सुमारास काही वार्ताहर कार्यालये आणि कारखाने फिरून आपलाही बोनस मागतात. त्यावर इथली प्रेस कौन्सिल जे आवाहन काढते ते सरकारी कार्यालयांना आणि कंपन्यांनाही उद्देशून असते: पत्रकारांना सणाचे पैसे देऊ नका. त्यामुळे नाही म्हणणाऱ्या व्यवस्थापकाला निदान दाखवायला एक कागद मिळतो.

माझा चुलतभाऊ तालुक्याचा वार्ताहर आहे. नियमित पगार नाही. जाहिरातींवरचे कमिशन हीच कमाई. त्यामुळे ज्या कंत्राटदाराच्या रस्त्यावरचे खड्डे त्याने मोजायचे, त्याच्याकडेच 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या शुभेच्छा जाहिराती मागायला जायचे. रेतीघाटावर रात्री ट्रॅक्टर चालतात हे तालुक्यात सगळ्यांना माहीत असते, पण ते छापणाऱ्याला दिवाळी पुरवणीही भरायची असते. मी एकदा जरा वरच्या पट्टीत त्याला नीतिमत्ता ऐकवली, तेव्हा तो म्हणाला, “दादा, पाकीट नाही घेतलं त पेट्रोल घरचं जाते.” मी इथे पगारावर बसून बोलत होतो.

तरीही गरिबी हे पाकिटाचे समर्थन होऊ शकत नाही, असे माझे मत आहे. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा वेळी गावातल्या कृषी केंद्रात कोणते औषध कशात मिसळून विकले गेले आणि मजुराला मास्क दिला होता का, हे विचारू शकणारा माणूस बहुधा तालुक्याचा वार्ताहरच असतो. तोच त्या दुकानदाराच्या उपकाराखाली असला, तर मजुराच्या बाजूने विचारायला कोणी उरत नाही. जाहिरात निदान छापलेली दिसते, तिची पावती असते. पाकीट वाचकाला दिसतच नाही.

पण ज्या वृत्तपत्राने त्याला पगाराशिवाय त्या दुकानात पाठवले त्याचे काय? 2009 च्या निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न गाजला, तेव्हा आपल्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 71 पानांचा अहवाल तयार केला. 2010 मध्ये कौन्सिलने प्रसिद्ध केले ते त्याचे संक्षिप्त रूप, ज्यात वृत्तपत्रांची नावे नव्हती. पूर्ण अहवाल 2011 मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला. मोठ्यांची नावे बाहेर यायला एवढा वेळ लागतो, आणि तालुक्याच्या वार्ताहराचे नाव चहाच्या टपरीवर एका दुपारीत काळे होते.

पाकीट घेणे चूकच, हे मी भावाला अजूनही सांगतो. मात्र दिवाळीच्या आधी जिल्ह्यातल्या बाजार समित्या, जिनिंगचे मालक, कृषी केंद्रांच्या संघटना आणि नगर पंचायती यांनी ‘आम्ही पत्रकारांना रोख देणार नाही’ एवढे एक पत्रक काढावे, ही कल्पना मी त्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ हसत राहिला. मग त्याने विचारले, “आणि ते पत्रक छापून आणायले जाहिरातीचे पैसे कोण देईन?”