ब्रेक लाइट गेला म्हणजे बल्ब गेला, असं नाही

‘ब्रेक लाइट लागत नाही म्हणजे बल्बच गेलेला असतो. एलईडी बल्ब आणा, पाच मिनिटांत स्वतः बसवा. फ्यूज उडत राहिला तर एक नंबर मोठा टाका. लाइट बंदच होत नसेल तर काळजी नको, मागच्याला जास्तच दिसतं.’ पाऊस सुरू झाल्यापासून हा मजकूर आमच्या तीन ग्रुपवर येऊन गेला. घरी दुरुस्ती करा, हे मला मनापासून पटतं. माझ्या गाडीचं हे काम मीच करतो. पण बाकीचा सल्ला पाळून गाडी धुक्यात खंबाटकीला नेली तर मागून येणाऱ्याच्या जिवाशी गाठ आहे.

आधी बल्बचं बघू. एकाच बाजूचा लाइट गेला असेल तर बल्बवर संशय घेणं बरोबर. पण दोन्ही बाजूंचे आणि मागच्या काचेतला तिसरा, असे सगळे एकदम गेले तर तिन्ही एकाच दिवशी जळाले असं कसं मानायचं? तेव्हा फ्यूज पाहा, मग ब्रेक पेडलच्या वरचा छोटा स्विच. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’मधून (पार्किंगमधून) निघेनासा झाला असेल तर संशय थेट त्या स्विचवरच घ्या.

सगळ्यात फसवा दोष अर्थिंगचा, म्हणजे दिव्यातला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीचा. आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये ब्रेक दाबला की डावा लाइट मंद व्हायचा आणि त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणायचा. मी दोनदा बल्ब बदलला, फरक शून्य. करंटला परतीची वाट नीट मिळाली नाही की तो शेजारच्या दिव्याच्या तारेतून वाट काढतो. शेवटी होल्डरच्या अर्थपासून बॉडीच्या उघड्या पत्र्याला एक सुटी वायर लावली आणि बल्ब लख्ख पेटला. अर्थचा बोल्ट गंजला होता. तो काढून, पत्रा पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळला. पावसाळ्यात टेललाइटच्या रबरी पॅकिंगमधून पाणी शिरतं आणि होल्डरच्या पिनांवरही हिरवा गंज चढतो. तिथे नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. बल्ब काढून मोजलं तर गंजलेली जोडणीसुद्धा 12 व्होल्ट दाखवते, कारण करंट ओढणारं कोणी नसतं. टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारा जोडलेला साधा बल्ब, लावा, तो तिथे मंद जळेल.

एलईडी मुळात वाईट नाही. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजेड पडायला सुमारे 0.2 सेकंद जास्त लागतात. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात चार मीटरपेक्षा पुढे येते. पण कंपनीने एलईडीसाठीच बनवलेला लाइट वेगळा आणि जुन्या होल्डरमध्ये खुपसलेला स्वस्त एलईडी वेगळा. नेहमीच्या दुहेरी बल्बमध्ये टेललाइटची तार 5 वॅटची आणि ब्रेकची 21 वॅटची असते. रात्री मागच्याला ब्रेक कळतो तो या फरकामुळे, आणि अनेक स्वस्त एलईडींमध्ये नेमका हाच फरक पुसट होतो. या दुहेरी बल्बच्या दोन पिनाही वरखाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. जोर लावून उलटा फिरवू नका.

मोठा फ्यूज तर अजिबात नको. 21 वॅटचे दोन बल्ब मिळून जेमतेम साडेतीन अँपिअर घेतात. त्यावर 10 अँपिअरचा फ्यूज उडतोय म्हणजे वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. डिकीच्या बिजागरीजवळ ती घासलेली असते का, ते आधी पाहा. मोठा फ्यूज टाकलात तर तो टिकेल आणि वायर वितळेल, तीही सीटखालच्या कार्पेटलगत.

राहिला सतत पेटलेला लाइट. तुम्ही ब्रेक दाबलात तरी मागच्याला काहीच बदल दिसत नाही, म्हणजे ब्रेक लाइट नसल्यातच जमा. कित्येकदा पेडलच्या दांड्यावरचा, स्विचचा खटका दाबून ठेवणारा प्लास्टिकचा छोटा तुकडा झिजून फुटलेला असतो. पायाखालच्या मॅटवर त्याचे कण सापडतात. हा भाग स्वस्त असतो, पण तसंच सोडलंत तर 45 अँपिअर-अवरची चांगली बॅटरीही सकाळपर्यंत उतरते.

काम झालं की अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, टेललाइट चालू ठेवून ब्रेक दाबा आणि आरशात भिंतीवरचा लाल उजेड दोन्ही बाजूंना सारखा वाढतो का ते पाहा. योग्य नंबरचा नवा फ्यूज पुन्हा उडाला, तर तिथे मी हात थांबवतो आणि वायरमनला बोलावतो.