‘हार्ट अटॅकचं जनुक’ सापडलं म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: शास्त्रज्ञांना हार्ट अटॅकचं जनुक सापडलंय. ते ज्याच्यात आहे त्याला अटॅक येणारच, ज्याच्यात नाही त्याने बिनधास्त राहावं. रोज व्यायाम करणारे धडधाकट तरुण कोसळतात ते त्यामुळेच. हार्ट अटॅक ५० टक्के आनुवंशिक असल्याचं सिद्ध झालंय. लाळेची एक टेस्ट केली की काय ते कळतं. आणि जनुकातच असेल तर पथ्यपाणी, गोळ्या, सगळं व्यर्थ.

निव्वळ थाप असती तर दुर्लक्ष केलं असतं. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे कुठलं तरी खरं संशोधन आहे आणि ते मोडूनतोडून मांडलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जनुक सापडलंय, असेल त्याला अटॅक येणारच’

हे प्रकरण २००७ सालचं असावं. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी, त्यातला एक आइसलँडचा, दाखवून दिलं की नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर ‘९पी२१’ या ठिकाणी असलेल्या बदलांचा हार्ट अटॅकशी संबंध आहे. शोध मोठा होता, कारण या बदलांमुळे ना कोलेस्टेरॉल वाढतं, ना रक्तदाब. म्हणजे नेहमीच्या तपासण्यांत न दिसणारी काहीतरी वेगळी वाट इथे होती. ती वाट नेमकी कशी चालते यावर अजून काम चालू आहे. हे बदल प्रथिन बनवणाऱ्या कुठल्या जनुकाच्या आतसुद्धा नाहीत. शेजारी पेशींच्या विभाजनाला आवर घालणारी दोन जनुकं आहेत, एवढंच.

आता गंमत बघा. प्रत्येक गुणसूत्राच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. युरोपीय वंशाच्या लोकांत दर चार-पाच माणसांमागे एकाच्या दोन्ही प्रतींवर ९पी२१चा जोखमीचा प्रकार असतो आणि साधारण निम्म्यांच्या एका प्रतीवर. बेरीज करा: जवळपास तीन चतुर्थांश लोक हा बदल घेऊन फिरतायत. ‘असेल त्याला येणारच’ हे खरं मानलं तर चारातल्या तिघांना अटॅक यायला हवा.

प्रत्यक्षात एका प्रतीमागे जोखीम साधारण पाव पटीने वाढते. हा आकडा वाचताना बरेच जण फसतात. समजा, एखाद्याची पुढच्या दहा वर्षांतली जोखीम शंभरात ४ आहे. ती पाव पटीने वाढली म्हणजे शंभरात ५ झाली. ‘पंचवीस टक्के वाढ’ ऐकायला भयंकर वाटते, पण शंभरातल्या पंचाण्णव जणांना त्या दहा वर्षांत काहीही होत नाही. आणि ९पी२१ हे या यादीतलं दणकट नाव आहे. तेव्हापासून गुणसूत्रांवर अशा दोनशेहून अधिक जागा सापडल्यात आणि बहुतेकांचा वाटा याहून किरकोळ आहे. तेव्हा ‘ते’ जनुक असं काही नाहीच.

‘व्यायाम करणारे तरुण त्यामुळेच कोसळतात’

इथे दोन वेगळे आजार एकात कालवलेत. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत साचलेला थर फुटून किंवा खरवडून गुठळी होणं आणि पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटणं. खेळताना अचानक कोसळणाऱ्या तरुणात पुष्कळदा कार्डिॲक अरेस्ट असतो, म्हणजे हृदयाचे ठोकेच बिघडून थांबणं. त्यामागे हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा आजार असू शकतो किंवा ठोक्यांच्या विद्युत यंत्रणेतला दोष. हे आजार आनुवंशिक असतात हे खरं, पण त्यांची जनुकं वेगळी आणि तपासही वेगळा: ईसीजी, इको. अशा घरात नातेवाइकांची तपासणी जरूर व्हावी. त्यावरून व्यायामाला नावं ठेवायचं कारण नाही.

‘५० टक्के आनुवंशिक, म्हणजे निम्मं आधीच ठरलेलं’

आकडा हवेतून आलेला नाही. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या नोंदींवरून २००२ साली हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंची आनुवंशिकता पुरुषांत ५७ टक्के आणि स्त्रियांत ३८ टक्के निघाली होती. पण आनुवंशिकता म्हणजे एका समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, त्याचं माप. ते एका माणसाला लावता येत नाही. जिथे सगळेच सारख्याच सिगारेटी ओढतात, तिथे कोण आधी आजारी पडणार हे फक्त जनुकांवर ठरेल, आनुवंशिकता भरमसाट निघेल, आणि तरीही सगळ्यांनी सिगारेट सोडली तर आजार धाडकन खाली येईल.

उलट बाजूचा आकडाही बघा. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात, २००४ साली, धूम्रपान, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या, मद्य आणि हालचाल या नऊ गोष्टींच्या खात्यावर पुरुषांत हार्ट अटॅकची ९० टक्के जोखीम जमा झाली, स्त्रियांत ९४ टक्के. ५७ आणि ९० मिळून शंभराच्या वर जातात, कारण या वाटण्या एकमेकींच्या बाहेरच्या नाहीतच. कोलेस्टेरॉल जनुकांनीही वाढतं आणि ताटातल्या अन्नानेही. तोच अटॅक दोन्ही खात्यांत मोजला जातो.

एक कबूल करायला हवं. कमी वयातल्या अटॅकमागे जनुकांचा हात जास्त असतो. स्वीडनच्याच जुळ्यांच्या १९९४च्या अभ्यासात, एका भावाचा ५५ वर्षांच्या आत हृदयविकाराने मृत्यू झाला असेल तर त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाची जोखीम आठपट निघाली, वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्याची चौपटीच्या आसपास. मृत्यूचं वय जसं पुढे गेलं तसा हा फरक विरत गेला. म्हणूनच डॉक्टर विचारतात, वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५च्या आत त्रास झाला होता का? ऐंशीव्या वर्षी आजोबांना आलेला अटॅक या हिशेबात फारसा धरत नाहीत.

‘लाळेची टेस्ट केली की कळतं’

काय कळतं, त्यावर अवलंबून आहे. लाखो ठिकाणचे बारीक बदल मोजून एकत्रित गुण काढण्याची पद्धत आता आहे. २०१८ साली ६६ लाख जागा धरून काढलेल्या अशा गुणांत ८ टक्के लोक तिप्पट जोखमीचे निघाले. हे उपयोगी आहे. पण हे गुण बव्हंशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले असतात, इतर वंशांत तितके अचूक बसत नाहीत. शिवाय तुम्ही रोज किती सिगारेटी ओढता हे लाळेतल्या डीएनएला ठाऊक नसतं.

काही रिपोर्टांत ‘एमटीएचएफआर’ नावाचं जनुक लाल रंगात दाखवून घाबरवलं जातं. या जनुकाच्या एका प्रकाराने रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल थोडं वाढतं. पण फॉलिक ॲसिड देऊन ते खाली आणण्याच्या २००६ सालच्या दोन मोठ्या चाचण्यांत हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. तो लाल रंग बघून झोप उडवून घेऊ नका.

आणि ‘नाही’ असा निकाल आला म्हणून मोकाट सुटणं तर सगळ्यात वाईट. ज्यांचे गुण कमी असतात त्यांनाही अटॅक येतात.

‘जनुकातच असेल तर गोळ्या, पथ्य व्यर्थ’

या मेसेजमधलं सर्वात घातक वाक्य हेच, कारण जिथे जनुक खरोखर भारी असतं, नेमकं तिथेच उपचार सर्वात जास्त काम करतात.

आधी सर्वसाधारण जोखमीचं. २०१६ साली ५५ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. जनुकीय गुण सर्वात जास्त असलेल्यांची जोखीम सर्वात कमीवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट होती. पण याच उच्च जोखमीच्या गटात धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित हालचाल आणि बरा आहार, या चारांपैकी तीन तरी पाळणाऱ्यांची जोखीम वाईट सवयींवाल्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी होती.

अपवादही सांगतो. लायपोप्रोटीन-ए नावाचा कण साधारण दर पाचांत एकाच्या रक्तात जास्त असतो, त्याची पातळी बहुतांशी जनुकं ठरवतात आणि व्यायाम-आहाराने ती जवळजवळ हलत नाही. ती रक्तात एकदा मोजून घ्यावी आणि जास्त निघाली तर बाकीच्या गोष्टींवर अधिक कडक लक्ष ठेवावं.

आता खऱ्या भारी जनुकाकडे येऊ. सुमारे २५० माणसांत एकाला कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून येणारं चढं कोलेस्टेरॉल, असतो. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. एका जनुकात बिघाड झाला की ते निम्मेच चालतात आणि एलडीएल जन्मापासून चढं राहतं. काहींच्या टाचेमागचा स्नायुबंध जाड होतो, पापण्यांवर पिवळट चट्टे येतात. बऱ्याच जणांत काहीच दिसत नाही. ही यंत्रणा उलगडणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या काम करतात त्या याच ग्राहकांची संख्या वाढवून.

दुसरं टोक पीसीएसके९ या जनुकाचं. त्यातून बनणारं प्रथिन त्या ग्राहकांचा नाश करतं. २००६ साली अमेरिकेत दिसलं की ज्या कृष्णवर्णीयांमध्ये जन्मतः याची एक प्रत निकामी होती, त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयविकाराची जोखीम तब्बल ८८ टक्क्यांनी कमी होती. त्या जनुकीय बदलाची नक्कल करणारी इंजेक्शनं २०१५पासून वापरात आहेत. जनुकाचा अभ्यास झाला म्हणून उपचार जन्माला आला, आणि मेसेज म्हणतो जनुक आहे म्हणून उपचार व्यर्थ!

नेदरलँड्समध्ये कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया असलेल्या २१४ मुलांना लहानपणीच स्टॅटिन सुरू करून पुढे २० वर्षं पाहिलं गेलं. त्यांच्या आई किंवा वडिलांना तोच बिघाड होता, पण त्यांच्या लहानपणी ही औषधं नव्हती. वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत त्या आईवडिलांपैकी २६ टक्क्यांना हृदयविकाराचा किंवा तत्सम त्रास झाला होता, ७ टक्के त्याने दगावले होते. त्याच वयापर्यंत मुलांपैकी १ टक्क्याला त्रास झाला, दगावलं कुणीच नाही. जनुक दोन्ही पिढ्यांत तेच होतं.