जुन्या सीडी चालतील काय, हे विचारू नये

दसऱ्याला टीव्हीला जोडून गेम खेळायचा नवा कन्सोल घ्यायचं ठरवलं असेल तर एक पथ्य पाळा. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानात जा, लक्ष्मीपुरीतल्या जा, काउंटरवरच्या पोराला रंग विचारा, वॉरंटी विचारा, महिन्याला हप्ता किती बसतो ते विचारा. फक्त ‘माझ्याकडच्या जुन्या सीडी यात चालतील काय?’ हे विचारू नका. तुमची सगळी पत जाते. पन्नास हजारांचं यंत्र घ्यायला आलेला माणूस दोनशे रुपयांच्या सीडीची चौकशी करतो म्हणजे हा नक्की हप्ता चुकवणार, असं त्या पोराच्या मनात येतं.

हे पथ्य मी घालून दिलेलं नाही. २०१३ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलचा तेव्हाचा प्रमुख डॉन मॅट्रिक यानं एका अमेरिकी वर्तमानपत्राला सांगून टाकलं होतं, की मागचे गेम चालवत बसणं म्हणजे मागासलेपणा. एक्सबॉक्स वन यायचा होता, त्यावर आधीच्या एक्सबॉक्स ३६०ची एकही डिस्क चालणार नव्हती, आणि ज्याला ती चालवायची होती तो मागास ठरला. दोनच वर्षांनी, जून २०१५ मध्ये, त्याच कंपनीनं भर सोहळ्यात जाहीर केलं की आता ३६०चे गेम एक्सबॉक्स वनवर चालणार. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. आपण एवढंच ध्यानात ठेवायचं, की टाळ्या दोन्ही वेळी वाजवायच्या असतात. काढून घेतलं तेव्हा ‘तंत्रज्ञान पुढं चाललंय’ म्हणून आणि परत दिलं तेव्हा ‘कंपनीला गिऱ्हाइकाची कदर आहे’ म्हणून. मधली दोन वर्षं जुना डबा टीव्हीखाली कोंबून ठेवायचं काम तेवढं तुमच्याकडं.

कुणी फारच खोदून विचारलं तर तांत्रिक कारण पाठ असू द्या. ते खरं आहे, आणि एक खरं कारण असलं की बाकीची त्याच्या आडोशाला सुखानं राहतात. २००० साली आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन टूच्या, म्हणजे पीएस टूच्या, पोटात पीएस वनचा प्रोसेसर होता. एरवी तो इनपुट-आउटपुटची हमाली करायचा, जुनी डिस्क घातली की आपल्या मूळ धंद्याला लागायचा. २००६च्या पहिल्या पीएस थ्रीतही पीएस टूच्या मुख्य चिपा बसवलेल्या होत्या. पुढं खर्च कमी करायचा म्हणून आधी एक गेली, मग दुसरी, आणि २००७च्या अखेरीस आलेल्या ४० जीबीच्या मॉडेलात पीएस टूचे गेम चालायचेच थांबले. खुद्द पीएस थ्रीचा सेल प्रोसेसर असा विक्षिप्त, की त्याच्यासाठी लिहिलेला गेम दुसऱ्या यंत्राला सहजासहजी उमगत नाही. २०१३ला पीएस फोरनं आपल्या पीसीच्या जातकुळीतला एएमडीचा प्रोसेसर घेतला आणि सेलशी सोयरीक मोडली. पीएस फाइव्ह त्याच घराण्यातला, म्हणून पीएस फोरच्या चार हजारांवर गेमांपैकी ९९ टक्के त्यावर चालतात, असं सोनीनं सांगितलं. सांगितलं तेही पराक्रमाच्या सुरात. इकडं शेजारचा पीसीवाला तीस वर्षांपूर्वीचा गेम लावून बसलेला असतो, त्याला कुणी स्टेजवर बोलवत नाही.

इथवर अभियांत्रिकी झाली, पुढं दुकानदारी आहे.

पीएस वनचा गेम पीएस फाइव्हला झेपत नाही असं कोण म्हणतं? प्लेस्टेशन प्लसची महागातली वर्गणी भरा, सोनी स्वतःच पीएस वनचे निवडक गेम तुम्हाला देते आणि ते झकास पळतात. चालत नाही ती तुमच्या कपाटातली सीडी. पीएस फोर आणि पीएस फाइव्हच्या ड्राइव्हला साधी सीडी वाचताच येत नाही. थोडक्यात, गेम चालतो, तुमचा गेम चालत नाही. एवढा फरक मोठ्या मनानं पोटात घालावा. पीएस थ्रीच्या गेमांची तर वाटच बघू नका. परदेशात प्रीमियम नावाच्या वर्गणीत ते क्लाउडवरून, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून, खेळता येतात. भारतात २०२२ साली जी आली ती डिलक्स, तिच्यात क्लाउड नाही. पण नाव डिलक्स आहे, हे काय थोडं झालं?

२००९ साली खास भारतासाठी म्हणून पीएस टूवर ‘हनुमान: बॉय वॉरियर’ नावाचा गेम निघाला होता. ज्याच्याकडं त्याची डिस्क असेल त्यानं दर शनिवारी तिच्यावरची धूळ पुसून परत ठेवून द्यावी. (आपल्याकडं कॉपी केलेल्या सीडी चालाव्यात म्हणून चिप मारलेले पीएस टू कमी नव्हते आणि त्यावरच्या सीडी कुठनं यायच्या, हा विषय इथं कुणी काढू नये. जुने गेम चालवायचं बोलतोय, जुनं उकरायचं नव्हे.)

या सगळ्या कटकटीवर रामबाण उपाय म्हणजे डिस्कच न घालता येणारा कन्सोल. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस फाइव्ह भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता आणि बिनडिस्कचा ३९,९९० रुपयांना. हे वाचलेले दहा हजार बाजूला काढून ठेवा, लागतील. कारण आता पेठेत एक डिस्क आली की ती गल्लीभर फिरायची, ते बंद. मित्राकडनं मागायची सोय नाही, खेळून झाल्यावर निम्म्या किमतीला काढायची सोय नाही. कंपनीच्या ऑनलाइन दुकानात जो भाव लिहिलाय तो तुमचा भाव. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या पीएस फाइव्ह प्रोला तर मुळातच ड्राइव्ह नाही, हवा असेल तर वेगळा विकत घ्या. तो तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्याच्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथं खुला नव्हता. सरकारी कामाच्या गतीमुळं गिऱ्हाइकाचे पैसे वाचल्याचं हे दुर्मीळ उदाहरण जपून ठेवण्यासारखं आहे.

डिस्क हातात असली म्हणून फार ऐटीत राहू नका. एक्सबॉक्स वनमध्ये ३६०ची डिस्क घातली तर ती ओळखपत्रापुरती चालते, गेम अख्खा नेटवरनं उतरतो. २०१४चा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम एकट्यानं खेळायचा म्हटलं तरी त्याला कंपनीचा सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले, डिस्क राहिली. आणि २०२५च्या स्विच टू या कन्सोलसाठी निन्टेन्डोनं तर कमालच केली. तो जुन्या स्विचची बहुतेक कार्डं मुकाट्यानं चालवतो, ते बरंच झालं, पण त्याच्या काही नव्या गेमांच्या कार्डात गेमच नसतो. नाव गेम-की कार्ड. डबा खरा, कार्ड खरं, आत नुसती किल्ली. गेम नेटवरनं उतरवायचा आणि तरीही प्रत्येक वेळी खेळताना कार्ड खाचेत घातलेलं पाहिजे. डिस्क सांभाळायचा सगळा ताप तसाच राहिला आणि फायदा तेवढा उडाला. असं नेमकं काम चुकून होत नाही, त्याला बैठका घ्याव्या लागतात.

आता म्हणाल, जुनं गेलं तर गेलं, दोस्तांबरोबर तरी खेळू. जरूर खेळा. पण आधी दोस्ताचा कन्सोल कुठला ते बघा, मग दोस्ती टिकवायची की नाही ते ठरवा.

कोल्हापुरात कन्सोल घरी आला की पहिला गेम फुटबॉलचा, याबद्दल दुमत नसावं. ज्या गावात तालमींच्या नावानं संघ उतरतात, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की दुपारी पेठा ओस पडतात, तिथं दुसरं काय खेळणार? सप्टेंबर २०२२ मध्ये फिफा २३ आला तो क्रॉस-प्लेचा, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरच्यांनी एकमेकांशी खेळायचा, गाजावाजा करत. पीएस फाइव्हवाला एक्सबॉक्स सिरीजवाल्याशी भिडणार, पीसीवाल्याशी भिडणार. पीएस फोरवाला एक्सबॉक्स वनवाल्याशी भिडणार. बरं, मंगळवार पेठेतला पीएस फोरवाला शिवाजी पेठेतल्या पीएस फाइव्हवाल्याशी? नाही जमणार. कंपनी एक, गेम एक, स्टोअर एक, दोघांच्या घरात अंतर चालत जाण्याएवढं, पण पिढी वेगळी. परक्या कंपनीशी सोयरीक जमली आणि सख्ख्या भावाशी बोलणं बंद.

यावर तोड आहे. तुमच्या पन्नास हजारांच्या पीएस फाइव्हवर पीएस फोरची आवृत्ती टाका. ती चालते, मागचे गेम चालवणं ते हेच. तुमच्या पॅकमध्ये ती नसेल तर वेगळी विकत घ्या. मग नव्या यंत्राला जुनं यंत्र असल्यासारखं वागायला लावून दोस्ताबरोबर मॅच खेळा. हप्ते चालू असताना हे करायला वेगळीच मजा येते.

आणि तालमीचा अख्खा संघ उभा करायचा, प्रत्येकानं एकेक खेळाडू चालवायचा, अशी हौस असेल तर त्यासाठी गेममध्ये प्रो क्लब्स नावाचा प्रकार होता. फिफा २३ मध्ये क्रॉस-प्लेतनं नेमका तोच वगळला. पुढच्या वर्षी नाव बदलून आलेल्या एफसी २४ मध्ये तो आला. तोवर संघातल्या सगळ्यांनी एकाच कंपनीचा कन्सोल घ्यावा, अशी अपेक्षा असणार. तालमीच्या बैठकीत तेवढा एक ठराव करून टाकायचा.

क्रॉस-प्ले इतक्या उशिरा आलं ते अवघड होतं म्हणून, असं मनाशी धरून चाला. २००२ सालीच फायनल फँटसी इलेव्हनमध्ये पीएस टूवाले आणि पीसीवाले एकाच जगात हिंडत होते, ते विसरा. सप्टेंबर २०१७ मध्ये फोर्टनाइट या गोळीबाराच्या गेममध्ये थोडा वेळ पीएस फोरवाले आणि एक्सबॉक्स वनवाले अचानक एकमेकांसमोर उभे राहिले. गेमवाल्या एपिक कंपनीनं खुलासा केला, सेटिंगमध्ये चूक झाली होती, आता दुरुस्त केली. चूक झाली की चालतं आणि दुरुस्त केलं की बंद पडतं, असं तंत्रज्ञान तुम्ही दुसरीकडं पाहिलंय? त्याच वर्षी जूनमध्ये माइनक्राफ्टसाठी सगळ्यांनी एकत्र यायचं ठरत होतं, तेव्हा सोनीच्या एका बड्या अधिकाऱ्यानं लहान मुलांच्या जबाबदारीचा मुद्दा काढला होता. पलीकडं होती निन्टेन्डो, जिची सगळी हयात पोरांचे गेम करण्यात गेली. २०१८च्या जूनमध्ये फोर्टनाइट स्विचवर आला, तर पीएस फोरला जोडलेलं खातं तिथं उघडेना. मग आरडाओरडा झाला आणि सप्टेंबरात सोनीनं दार किलकिलं केलं.

दार का अडत होतं, ते २०२१च्या एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात बाहेर आलं. कागदपत्रांतला हिशोब असा: लोक खेळतात जास्त प्लेस्टेशनवर आणि पैसे खर्च करतात दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर, अशी तफावत ठरावीक प्रमाणाबाहेर गेली, तर गेमवाल्या कंपनीनं सोनीला भरपाई द्यायची. आपल्याकडं महाराष्ट्र केसरीला मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी एकमेकांशी लढतात. उद्या एखाद्या वस्तादानं म्हणावं, पैलवान घुमतो माझ्या मातीत आणि बदामाचं दूध पितो गादीवाल्याकडं, तेव्हा दुधातला वाटा मला पोचता करा. खासबागेत त्या वस्तादाला काय उत्तर मिळालं असतं ते छापण्यासारखं नाही. पण तुम्ही पैलवान नव्हे, गिऱ्हाईक आहात. मान डोलवा आणि वर्गणी भरा. हो, फिफासारखा विकतचा गेम पीएस फाइव्हवर ऑनलाइन खेळायला प्लसची वर्गणी लागते. समोरचा पीसीवाला तसली वर्गणी न भरता तोच सामना खेळतो आणि गोल केल्यावर तुमच्यासमोर नाचतो.

क्रॉस-प्ले एकदा मिळालं की पहिलं काम म्हणजे सेटिंगमध्ये ते बंद कुठं होतं ते शोधून ठेवणं. गोळीबाराच्या गेममध्ये याचा फार उपयोग होतो. रिमोटवाल्यांचं म्हणणं असतं की पीसीवाले माऊसवर नेम धरतात आणि वर चीट मारतात. पीसीवाल्यांचं म्हणणं, रिमोटवाल्यांना कन्सोलच नेम धरून देतो, ह्यांचं कौतुक कसलं? दोन्ही तक्रारींत तथ्य आहे, म्हणूनच त्या कधी मिटत नाहीत. तुम्ही हरलात की ठेवणीतलं वाक्य टाका: ‘मर्दा, त्यो माऊसवर हाय, न्हाईतर उडवलाच असता.’ माझ्या मते क्रॉस-प्लेनं माणसाला दिलेली ही सगळ्यात मोठी सोय. आधी हरलं की आपण हरायचो, आता प्लॅटफॉर्म हरतो. व्हॉइस चॅटवर मात्र जपून. पोलंडच्या पोराला कोल्हापुरीतलं काही कळत नाही अशा समजुतीत राहू नका, सूर सगळ्यांना कळतो.

राहता राहिला मांडणीचा प्रश्न. पीएस टू टाकवत नाही, कारण त्याच्या डिस्क नव्या कशावर चालत नाहीत. पीएस थ्री त्याच कारणानं टाकवत नाही. पीएस फोर धाकट्या भावाला द्यायचा म्हटलं तर मग त्याच्याशीच ऑनलाइन फुटबॉल सरळ खेळता येत नाही. तेव्हा टीव्हीखालचं कपाट मोठं करून घ्या आणि एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड आणा. आई विचारणारच, ‘ही चार डबडी एकच काम करत्यात न्हवं?’ सांगा, नाही आई, चौथं पहिल्या दोघांची कामं सोडून सगळं करतं. आणि तिनं किंमत विचारायच्या आत मागच्या वायरी सोडवायला खाली बसा.